चांदीला विटाळ नसतो

भांडी घासण्यात माझा हात धरणारी बाई मुरुमच्या पेठेत नव्हती. राख, चिंच आणि ओढ्याची वाळू घेऊन मी अंगणात बसले की पितळेचा तांब्या सोन्याचा वाटावा असा करून सोडायची. सासूबाई इरम्मा चेष्टेनं म्हणायच्या, "गंगे, भांडं घासतीस का त्याचं कातडं सोलतीस?" मला ते ऐकून बरं वाटायचं. आता ते वाक्य आठवलं की मी हातातलं काम खाली ठेवते.

ही गोष्ट निजामाच्या अमलातली, मोठी लढाई चालू होती तेव्हाची. माझे मालक हणमंतप्पा पेठेत भुसार मालाचं दुकान चालवायचे. तेव्हा नवऱ्याचं नाव घ्यायची सोय नव्हती. आता मला कोण अडवणार? आमचं घर लिंगायतांचं. सोवळ्याला आमच्याकडं मडी म्हणतात आणि इरम्मांची मडी साऱ्या पेठेत नावाजलेली होती. कुणाच्या हातचं पाणी चालतं, कुणाचं चालत नाही, कोणतं भांडं कुणी शिवलं तर काय करायचं, हे सगळं त्यांना तोंडपाठ. मला त्याचा कंटाळा यायचा, पण मोडायची हिंमत नव्हती.

लग्नाला चार वर्षं झाल्यावर मला मुलगा झाला. गेलेल्या सासऱ्यांचं गुरुसिद्धप्पा हे नाव त्याला ठेवलं, पण हाक मारायला सिद्दू. आमचे जंगम, ज्यांना आम्ही अय्या म्हणतो, त्यांनी येऊन एवढ्याशा गळ्यात लिंग बांधलं. सिद्दूनं ते मुठीत धरलं आणि सोडेचना. सगळे हसले. मी मात्र तापानं फणफणले होते. तो ताप तीन आठवडे उतरला नाही आणि उतरला तेव्हा माझं दूध आटून गेलेलं होतं.

मग इरम्मांनी माळ्यावरून बोंडलं काढलं. हल्लीच्या पोरींनी ते बघितलेलं नसेल. पितळेचं, पेरूएवढ्या पोटाचं, वर अरुंद तोंड आणि पुढं करंगळीएवढी नळी. नळी लेकराच्या ओठांत द्यायची आणि बोंडलं हळूहळू कलतं करायचं. इरम्मांनाही दूध बेताचंच यायचं, म्हणून हणमंतप्पा त्यातून प्याले होते, त्यांची थोरली बहीण शांताक्का त्यातून प्याली होती. आणखी दोन लेकरं प्याली होती, जी वर्षाच्या आतच गेली. त्या दोघांबद्दल इरम्मा कधी बोलत नसत. मला ते शांताक्कांकडून कळलं होतं.

मी ते बोंडलं घासून घासून आरशासारखं केलं. आतसुद्धा काडीला चिंधी गुंडाळून वाळू फिरवली. रोज फिरवायची. घरची शेळी होती. सकाळी दूध तापवून बोंडल्यात भरायचं, चुलीच्या वैलावर, बाजूच्या मंद आचेवर, कोमट ठेवायचं आणि लागेल तसं दिवसभर पाजायचं. संपलं की पुन्हा भरायचं.

सिद्दू दीड महिन्याचा झाला आणि ओकायला लागला.

सुरुवातीला कुणी मनावर घेतलं नाही. लेकरं दूध काढतातच. पण हा पोटातलं सगळं काढायचा आणि मग कण्हत पडायचा. पुढं जुलाब लागले. पोट तट्ट फुगायचं आणि हातपाय काटकुळे होत चालले. हसरं पोर होतं, ते हसेनासं झालं.

आमच्या घरात कुणाला काही झालं की हकीम बदरुद्दीन यायचे. त्यांची दाढी तेव्हाच पांढरी झाली होती. हणमंतप्पांना आठव्या वर्षी विषमज्वरातून त्यांनीच ओढून काढलं होतं. तेव्हापासून आमच्या घरात त्यांचा शब्द देवाचा. पण ते यायचे ते ढाळजेपर्यंतच, म्हणजे दरवाजातून आत आल्यावरची जी बैठक असते, तिथपर्यंत. आणि औषध द्यायचे ते नेहमी कोरडं, कागदाच्या पुडीत. लिंगायताच्या घरात त्यांच्या हातचं ओलं औषध चालणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. कोरड्याला विटाळ नसतो, पाणी लागलं की असतो. हा नियम कुणी केला मला माहीत नाही, पण हकीमसाहेब तो आमच्यापेक्षा जास्त पाळायचे.

त्यांनी पुड्या दिल्या. आठ दिवस बरं वाटल्यासारखं झालं, पुन्हा तेच. पुड्या बदलल्या. दुधात बडीशेपेचं पाणी घाला म्हणाले, घातलं. शेळीचं बंद करून गाईचं द्या म्हणाले, दिलं. परत शेळीचं सुरू केलं. मग एक दिवस त्यांनी विचारलं, "शेळी काय खाती?" मी दाराआडून ऐकत होते. मला संताप आला. लेकरू इकडं वाळत चाललंय आणि ह्यांना शेळीची काळजी. आता काय शेळीलाही पुडी देणार की काय, असं मी इरम्मांना पुटपुटले. त्यांनी मला डोळ्यांनी दटावलं, पण ओठांच्या कोपऱ्यात त्याही हसल्या.

असे दोन महिने गेले.

एके दिवशी हकीमसाहेबांनी सिद्दूला मांडीवर घेतलं, बराच वेळ त्याचं पोट चाचपलं, आणि म्हणाले, "बेटी, लेकराला कशातनं पाजतीस ते भांडं मला आणून दाखीव."

मी बोंडलं आणायला आत वळले, तर इरम्मांनी माझा दंड धरला. मागच्या खोलीत नेऊन हळू आवाजात म्हणाल्या, "बोंडलं देऊ नकोस. त्येंचा हात लागला की इस्तवात घालावं लागंल. नळी डाग देऊन जोडलेली हाय त्येची, जाळात टिकायची न्हाय. सगळ्या लेकरांचं तोंड लागलेलं भांडं हाय ते."

"मग काय दावू?"

त्यांनी कनवटीची किल्ली काढली, पेटी उघडली आणि माझ्या माहेरहून बारशाला आलेली चांदीची वाटी माझ्या हातात ठेवली. "हे दाव. चांदीला विटाळ नसतो."

इरम्मांनी मला खोटं बोल म्हणून सांगितलं नव्हतं, हे मला इथं लिहून ठेवायचं आहे. त्यांनी वाटी दिली, एवढंच. बाकीचं माझं. माझ्या मनात दुसराच राग होता. हा माणूस माझ्या भांड्यात खोट काढतोय, मला गबाळी समजतोय, साऱ्या पेठेत जिच्या भांड्यांचं नाव आहे तिला! मी ताठ मानेनं बाहेर गेले आणि वाटी त्यांच्यापुढं जमिनीवर ठेवली. त्यांनी उचलली, उजेडाकडं धरली, आत बोट फिरवलं, नाकाशी नेली.

"यातनंच पाजतीस ना बेटी?"

"व्हय," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. वाटी खाली ठेवली आणि पुन्हा पुडी बांधायला बसले. त्या दिवशी त्यांचा चेहरा मला हरल्यासारखा दिसला. मला वाटलं, बरी जिरली.

पुढच्या आठवड्यात शांताक्का आल्या. त्यांना सोलापुरात दिलं होतं, इंग्रजी मुलखात. सिद्दूला बघून त्यांनी हातातलं गाठोडं तिथंच टाकलं. "अगं, ह्ये काय झालंय लेकराचं? अजून त्या हकीमाच्याच पुड्या चालू हायेत का?" मग त्यांनी सोलापूरच्या एका डॉक्टरांचं सांगितलं. लेकरांना काट्यावर घालून तोलतात म्हणे, आणि बाटलीतलं औषध देतात. त्यांच्या शेजारणीचं पोर असंच झालं होतं, ते आता धावतंय.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात दुसरं काही राहिलं नाही. सिद्दू जगतो का जातो, एवढाच प्रश्न उरला होता, आणि हकीम बदलायचा का नाही यावर सगळं अडलं होतं. निदान मला तसं वाटत होतं. हणमंतप्पा ऐकायलाच तयार नव्हते.

"म्या आठ वर्साचा व्हतो," ते म्हणाले. "घरच्यांनी आस सोडली व्हती. हकीमसाहेब नऊ दिवस उशाला बसून ऱ्हायले. आता त्येंना कुठल्या तोंडानं सांगू, का तुमी नगं म्हणून?"

"तुमचं तोंड ऱ्हाऊ द्या. लेकराचं तोंड बगा."

"त्येंच्या हाताला गुण हाय गंगा. त्यो सोडून गेलो आन वाटंतच काय झालं, तर?"

 तीच भीती मलाही होती. हातगुणावर माझाही विश्वास होता. तो सोडून गेलं आणि त्यानंच लेकरू दगावलं तर सगळे माझ्याकडं बोट दाखवणार. एकदा वाटायचं, आणखी आठ दिवस बघावं. मग सिद्दूची बरगडी हाताला लागायची आणि वाटायचं, आठ दिवस कुठून आणायचे? मी इरम्मांना विचारलं. त्या म्हणाल्या, "मला इचारू नगंस बाई. माजी दोन अशीच गेली, हकीमाच्याच पुड्या खाऊन. म्या बदलला नव्हता." पहिल्यांदाच त्या दोघांचा उल्लेख त्यांच्या तोंडून ऐकला. मी दोन दिवस जेवले नाही. तिसऱ्या दिवशी हणमंतप्पांनी गाडी जुंपायला सांगितली.

हकीमसाहेबांना सांगायचं कुणी, हा प्रश्न होताच. ते सकाळी नेहमीसारखे आले. हणमंतप्पा खाली मान घालून जोंधळ्याचे दाणे या हातातून त्या हातात करत बसले. शेवटी मीच दाराआडून म्हटलं, "हकीमसाहेब, आमी लेकराला सोलापूरला नेतावं. डाक्टरकडं."

हातातली पुडी त्यांनी परत बांधली. मग म्हणाले, "जा बेटी. आधी बच्चा, मग हकीम. त्यो शिकलेला आदमी हाय, माज्यापेक्षा चार गोष्टी जास्ती ठावं असतील." उठता उठता थांबले. "पाजायचं भांडं त्यालाबी दाखीव. इसरू नको."

पुन्हा भांडंच! मी मनात म्हटलं, ह्या म्हाताऱ्याला दुसरं काही सुचत नाही.

आम्ही निघालो. इरम्मांनी बोंडलं बरोबर नेऊ दिलं नाही. हद्दीवर करोडगिरीचा नाका होता. इकडचा माल तिकडं जाताना तिथं शिपाई गाठोडी सोडून एकेक वस्तू हातात घेऊन बघायचे. "बोंडलं त्येंच्या हाताला लागायला नगं," त्या म्हणाल्या. "वाटी ने. कापसाच्या वातीनं पाज."

म्हणून मी चांदीची वाटी घेतली. वाटेत थांबेल तिथं ताजं दूध तापवायचं, वाटीत घ्यायचं, वात भिजवून सिद्दूच्या ओठांत पिळायची. फार वेळखाऊ काम. एकेका वेळेला घटका जायची आणि माझी पाठ धरायची. नळदुर्गापर्यंत गाडीनं आणि तिथून पुढं मोटारीनं असे आम्ही दुसऱ्या दिवशी सोलापूरला पोचलो. तोवर सिद्दू एकदाच ओकला होता. प्रवासात पोर दमलंय म्हणून, असं मी समजले.

डॉक्टर तरुण होते, बोलायला मऊ. त्यांनी खरोखरच सिद्दूला काट्यावर ठेवलं. तो काटा किती खाली गेला आणि किती जायला हवा होता हे त्यांनी बोटानं दाखवलं, तेव्हा मला ढसाढसा रडू आलं. कशातून पाजता, असं त्यांनीही विचारलं. मी वाटी पुढं केली. या वेळी खोटं नव्हतं. "छान," ते म्हणाले, "असंच ताजं, ताजं देत जा." आणि त्यांनी गुलाबी औषधाची बाटली दिली. बाटलीवर कागदाची दातेरी पट्टी चिकटवलेली होती, एक दात म्हणजे एका वेळचं औषध.

शांताक्कांच्या घरी आम्ही बारा दिवस राहिलो. चौथ्या दिवशी ओकारी थांबली. सहाव्या दिवशी जुलाब थांबले. नवव्या दिवशी मी वात पिळत होते, तर सिद्दूनं माझं बोट धरलं आणि माझ्याकडं बघून हसला. मी आरडाओरडा करून सगळं घर गोळा केलं. हणमंतप्पा दारातच उभे राहिले आणि फेट्याच्या टोकानं डोळे पुसायला लागले. डॉक्टरांनी काट्यावर घालून बघितलं आणि म्हणाले, "आता घरी न्या. एक बाटली संपली की दुसरी न्यायला या."

परतीच्या वाटेवर मी हकीमसाहेबांना वाट्टेल ते बोलले. दोन महिने खाल्ले माझ्या लेकराचे, म्हणाले. हणमंतप्पा सिद्दूला मांडीवर घेऊन रस्त्याकडं बघत बसले. मला वाटलं, माझं म्हणणं त्यांना पटलं.

घरी इरम्मांनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. सिद्दूला छातीशी घेतलं आणि त्याच्या गालाला गाल लावून कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. चुलीच्या वैलावर त्यांनी बोंडलं आधीच भरून ठेवलं होतं. "घे गं," त्या म्हणाल्या, "पोर भुकेजलंय."

मला सुटल्यासारखं झालं. त्या वातीचा मला वीट आला होता. बारा दिवस पाठ मोडून गेली होती. वाटी धुतली, पुसली आणि इरम्मांच्या हवाली केली. त्यांनी ती पेटीत ठेवून किल्ली कनवटीला लावली. मी सिद्दूच्या ओठांत नळी दिली आणि तो घटाघटा प्याला.

पाचव्या दिवशी तो ओकला.

आम्ही औषधाचा एक दात जास्त दिला. बाटलीच्या तळाशी औषध कमी उरलंय, त्यात जोर राहिला नसेल, असं आम्हाला वाटलं. मी बोंडलं आणखी घासायला लागले. दोनदा घासायची, तीनदा घासायची. पोराच्या पोटात काही वाईट जाऊ नये म्हणून वाळू फिरवायची. दहाव्या दिवशी हणमंतप्पा दुसरी बाटली आणायला सोलापूरला निघाले. मी सांगितलं, उभ्या उभ्या जाऊन या. ते तसेच गेले.

बाराव्या दिवशी, भर दुपारी, सिद्दू माझ्या मांडीवर होता. मी त्याला पाजायला बघत होते आणि तो घेत नव्हता. दूध ओठांच्या कडेनं खाली गळत होतं. मी इरम्मांना हाक मारली. त्या आल्या, वाकल्या, आणि त्यांनी माझ्या हातातून बोंडलं काढून घेतलं. म्हणाल्या, "पाजू नगं आता." तेव्हा मला कळलं.

आमच्यात जाळत नाहीत. सिद्दूला बसवून माती दिली, त्याच्या मुठीत त्याचं लिंग ठेवून. अय्यांनी मूठ मिटवली तेव्हा ती आपसूक मिटली, बांधताना मिटली होती तशी. हणमंतप्पा दुसऱ्या दिवशी बाटली घेऊन आले. ती बाटली मी अंगणात फोडली. डॉक्टरांचा काही दोष नव्हता, पण मला काहीतरी फोडायचं होतं.

त्यानंतर मी जे केलं ते सांगायला मला जास्त जड जातं. भेटायला येणाऱ्या प्रत्येक बाईला मी सांगितलं की हकीमानं माझं लेकरू घालवलं. डॉक्टरांकडं नेल्यावर पोर हसायला लागलं होतं, हे सगळ्यांनी ऐकलं होतं. मग उशीर कुणी केला? हकीमानं. दोन महिने पुड्या बांधत बसला, शेळीचं विचारत बसला. मी फटकळ, माझं बोलणं पेठेत लवकर पसरायचं. हळूहळू लिंगायतांच्या घरांतून हकीमसाहेबांना बोलावणं बंद झालं. इतरांचंही कमी झालं. ते एकदा आमच्या दारावरून गेले तेव्हा मी दार लावून घेतलं.

दोन वर्षं गेली. लढाई संपली. मला पुन्हा दिवस गेले होते, सातवा लागला होता. एके दिवशी गल्लीत ओळखीची हाक आली. कल्हईवाला लाडलेसाब! पूर्वी दर वर्षी यायचा तो माणूस, लढाई सुरू झाल्यावर एकदाच येऊन गेला होता आणि नंतर फिरकलाच नव्हता. बायका भांडी घेऊन धावल्या. बसवण्णाच्या देवळापुढं त्यानं खड्डा केला, भाता लावला. "काय करू अक्का," तो सगळ्यांना सांगत होता, "कल्हईचं कथीलच यायचं बंद झालतं. जपाननं समदा कथलाचा मुलूखच दाबला. हात बांधून बसलो."

इरम्मांनी मला बोंडलं दिलं. "बाळाच्या आधी कल्हई करून आण. त्येला हात लावू द्यावाच लागतोय, पण त्यो डाग सांभाळून इस्तवातनंच काढतोय, चालतंय."

मी ओळीत बसले. माझी पाळी आल्यावर लाडलेसाबनं बोंडलं उन्हात धरलं, एक डोळा मिटून आत बघितलं. मग एक काडी घेतली, तिला चिंधी गुंडाळली आणि नळीत घालून फिरवली. चिंधी बाहेर आली ती हिरवी.

"अक्का, ह्येला आतनं कल्हई नावालाबी न्हाय," तो म्हणाला. "पोटातली वाळूनं घासून गेली, आन नळीत तर वाळू पोचतच न्हाय. बगा कसं कळकलंय. ह्यात दूध ठिवत नव्हता ना? जहर व्हतंय."

तो भात्याकडं वळला. त्याला काहीच माहीत नव्हतं. शेजारच्या बाईनं मला विचारलं, बरं वाटत नाही का गं? कल्हई गेलेल्या भांड्यात ताक कळकतं हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. लढाईच्या दिवसांत आम्ही ताकाला मातीचंच भांडं वापरायचो. पण दूध काही आंबट नव्हे, असं आम्ही समजलो होतो. वैलावर दिवसभर पडलेलं दूध. आणि बाहेरून ते बोंडलं इतकं लखलखीत होतं! घासून घासून कल्हई कुणी काढली? मी.

मी लाडलेसाबच्या पुढ्यातून बोंडलं उचललं आणि कल्हई न करताच चालायला लागले. पाय हकीमसाहेबांच्या बोळात वळले.

पूर्वी त्यांच्या ओसरीवर बसायला जागा नसायची. त्या दिवशी एकच म्हातारा खोकत बसला होता, तोही उठून गेला. हकीमसाहेब मला बघून उभे राहिले. मी बोंडलं खाली ठेवलं नाही. त्यांच्या हातात दिलं, बोटाला बोट लागलं तरी दिलं.

त्यांनी आत करंगळी घातली, बाहेर काढून बघितली, वास घेतला. मग खाली बसले.

"त्या दिशी तर चांदीची..."

"खोटं बोलले म्या."

"कुणी सांगितलं व्हतं तसं बोलायला?"

"कुणी न्हाय. माजंच तोंड."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना कळलं होतं, पण त्यांनी पुढं विचारलं नाही. ते मला शिव्या देतील असं मला वाटलं होतं. द्यायला हव्या होत्या. मी रडत होते आणि सांगत होते, तुमाला भांडं दावलं असतं तर, एकदा दावलं असतं तर. त्यांनी मला रडू दिलं. बऱ्याच वेळानं म्हणाले, "इरम्माला ठाव हाय?"

"न्हाय."

"सांगू नको."

मला समजेना.

"तिची दोन गेली, तवा औषध माजंच व्हतं," ते म्हणाले. "मी नवा व्हतो. भांडं इचारायचं मला सुचलं नव्हतं. पुढं चार घरं बघून शिकलो. म्हणून तर तुला इचारलं."

"म्हंजी ती दोघंबी ह्यातनंच...?"

"कोण सांगणार बेटी? तवा कल्हई व्हती का नव्हती, आता कोण सांगणार? पर म्हातारीच्या मनात एकदा ह्ये शिरलं, तर मरंस्तोवर निघायचं न्हाय. तिला जगू दे."

"आन तुमचं नाव? म्या साऱ्या पेठंत..."

"माजं वय झालं," ते म्हणाले आणि बोंडलं माझ्यापुढं धरलं. "ऱ्हाऊ दे माज्याच नावावर."

मी नाही म्हणायला हवं होतं. पेठेत घरोघर जाऊन, जशी आधी बोलले तशीच उलट बोलून यायला हवं होतं. पण खरं सांगते, त्या क्षणी मला हायसं वाटलं. सिद्दू गेल्याचं दुःख मी पदराआड कसंबसं सांभाळलं आहे, पण त्या हायसं वाटण्याची लाज मला अजून झाकता आलेली नाही. हकीमसाहेब दोनेक वर्षांनी मुरुम सोडून गुलबर्ग्याला लेकीकडं गेले. जाताना त्यांना निरोप द्यायला आमच्या पेठेतून कुणी गेलं नाही. मीही नाही.

त्या दिवशी परत येताना मी बारवेच्या काठावर थांबले आणि बोंडलं पाण्यात सोडलं. नळीतून बुडबुडे आले आणि ते खाली गेलं.

इरम्मा दारातच बसल्या होत्या. "झाली का कल्हई?"

"बारवेत पडलं, आत्याबाई. पाणी प्यायला वाकले, हातातनं निसटलं."

त्यांनी पदर तोंडाला लावला. "माज्या समद्या लेकरांचं तोंड लागलं व्हतं गं त्येला," म्हणून लहान पोरीसारख्या रडल्या. मी त्यांच्याजवळ बसले. रडून झाल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि माझ्या पोटावर हात ठेवला.

"जाऊ दे. भांडंच व्हतं. ह्या बाळाला वाटीनंच पाजू. पर एक ध्यानात ठेव गंगे, ह्येला काय झालं तर त्या हकीमाच्या दारात जायचं न्हाय. माज्या सिद्दूला त्यानंच खाल्लं. व्हय का न्हाय?"

मी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"व्हय," मी म्हटलं.